छातीतली वाटी

माझ्या छातीच्या मधोमध जन्मापासून खळगा आहे. न्हाऊ घालताना आजी त्यात तेल ओतायची आणि म्हणायची, "याला वाटी देवानंच दिलीय." पुढे तीच वाटी लपवायला मी पोहायला जाणंच सोडलं.

गेल्या वर्षी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघालं की हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेची मागची पाकळी सैल पडलीय आणि रक्त उलटं गळतंय, तेही बरंच. झडप बदलायची नव्हती, दुरुस्त होण्यासारखी होती, आणि मला ते मधलं हाड न कापता, रोबोटच्या मदतीनं करून हवं होतं. पण पहिल्या सर्जननी शर्ट वर करायला लावला, एक नजर टाकली आणि म्हणाले, "अशा छातीत रोबोट विसरा."

नकाराचं वाईट वाटलं नाही, पण माप न घेता दिलेला नकार पटेना. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी सीटी स्कॅन करायला लावला. छातीची आतली रुंदी २७ सेंटीमीटर, मधल्या हाडापासून मणक्यापर्यंत जेमतेम ७. रुंदीला या अंतरानं भागलं की हॅलर इंडेक्स मिळतो. साधारण माणसाचा अडीचच्या आसपास असतो, ३.२५ च्या वर खळगा गंभीर धरतात. माझा ३.८६! हृदय डावीकडे ढकललेलं.

डॉक्टर म्हणाले, "आम्ही उजव्या बरगड्यांमधून आत शिरतो. झडप दिसायला डाव्या कप्प्याचं छत वर उचलावं लागतं आणि तुमच्याकडे वर जागाच कमी. पण मधलं हाड कापून गेलो तरी हृदय डावीकडेच दडलेलं असणार. सोपा रस्ता कुठलाच नाही." हे ऐकून उलट धीर आला. स्कॅन जांघेपर्यंत केला होता, कारण हार्ट-लंग मशीनच्या नळ्या तिथल्या रक्तवाहिन्यांतून घालतात. संमतीपत्रात 'गरज पडल्यास छाती उघडू' हेही होतं. त्या ओळीखाली सही करताना बायकोकडे बघायचं टाळलं.

मग दातांची तपासणी, कारण तिथला जंतुसंसर्ग झडपेपर्यंत पोचू शकतो. आणि फुफ्फुसांची चाचणी, कारण ऑपरेशनमध्ये उजवं फुफ्फुस काही वेळ मिटवून ठेवतात. आणि विमा! माझ्या पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा होती, ती शेवटच्या आठवड्यात कळली. आपली पॉलिसी आधीच वाचून घ्या.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. उजव्या बाजूला एक छोटी चीर, चार भोकं, आत झडपेभोवती कडं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "रोबोटनं केलं म्हणे?" अहो, रोबोट आपणहून काही करत नाही. डॉक्टर कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात. छातीपेक्षा जांघच जास्त दुखली. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी श्वास ओढून चेंडू उचलायचे असतात, त्या तीन चेंडूंच्या यंत्रात तिसरा चेंडू वर जायला नऊ दिवस लागले. रक्त पातळ करणारी गोळी तीन महिने होती आणि हिरव्या पालेभाज्यांनी तिचा परिणाम कमी होतो, त्यामुळे घरात पालक-मेथी मोजून.

शेवटच्या तपासणीला विचारलं, "आणि खळग्याचं काय?"

"त्याचं ऑपरेशन वेगळं. करायचंय?"

"पन्नाशीत आता कशाला," म्हणालो आणि शर्टाची बटणं लावली.