हापशावरची दुपार

दिवाळी झाली की आमच्या शाळेतली मुलं वेगळी वागू लागतात. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली ही द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी. दसऱ्यापासून गावात ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी भांडीकुंडी, पत्रे, कोंबड्या आणि कडेवरची लेकरं घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती थेट पाडव्याच्या सुमारास परततात. शाळकरी पोरंही पूर्वी त्यांच्याबरोबरच फडावर जायची. आता हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे बरीच मुलं गावात आजी-आजोबांजवळ राहतात, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा बुडत नाही. ही योजना मला फार मोलाची वाटते. पण सहा-सात वर्षांच्या लेकराने एवढे महिने आईशिवाय काढायचे असतात, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

ती नोंद वर्गात दिसते. कुणाचं रोज पोट दुखतं. कुणी शेजारच्याला चावतं. कालपर्यंत शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलगी एकोणतीसनंतर अडकते आणि पाटी भिरकावते. अशा वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "गप बस." गप कसं बसायचं, ते मात्र त्या लेकराला कुणी शिकवलेलं नसतं. अ-आ-ई शिकवतो, बेरीज शिकवतो, तसंच हेही शिकवावं लागतं, आणि ते मूल शांत असताना शिकवावं लागतं. बुडणाऱ्याला काठावरून पोहायचे धडे देऊन काय उपयोग?

म्हणून परिपाठानंतरची दहा मिनिटं मी यासाठी ठेवली आहेत. डॅनियल सीगल हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मेंदू समजावायला हाताची मूठ वापरतात, ते मला फार आवडलं. अंगठा तळहातावर दुमडायचा आणि वर चार बोटं मिटायची. अंगठा म्हणजे मेंदूचा आतला भाग, जिथे भीती आणि राग उसळतो. वरची बोटं म्हणजे विचार करणारा, आवरणारा भाग. हा भाग पुरता तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. दुसरीतल्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची ते यावरून ठरवावं. राग फार वाढला की बोटं उघडतात आणि अंगठा एकटा उरतो. आमच्या पोरांना हे इतकं पटलं की मैदानात भांडण जुंपलं की कुणीतरी ओरडतंच, "मॅडम, याची बोटं उघडली!"

दुसरा खेळ बशीचा. दोन्ही तळहात जोडून बशी करायची, त्यात गरम चहा आहे असं समजायचं. आधी नाकाने वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकायचं, चहा सांडू द्यायचा नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि बाहेर सोडताना मंदावतात, म्हणून फुंकर लांबली पाहिजे. मुलांना हे शास्त्र सांगावं लागत नाही. बशीतला चहा फुंकणं त्यांच्या रोजच्या सवयीचं आहे.

हे सगळं कितपत कामाला येतं, ते डिसेंबरातल्या एका मंगळवारी समजलं.

दुसरीतला एक मुलगा, त्याला इथे बाळू म्हणते. अंगाने बारीक, डोळ्यांनी हुशार, मोजकं बोलणारा. त्याचे आईबाप दिवाळीच्या चौथ्या दिवशी गेले होते. पालकांचे फोन माझ्याच मोबाइलवर येतात, बहुतेक मधल्या सुट्टीत. त्या दिवशी बाळू सकाळपासून माझ्या टेबलाभोवती घोटाळत होता. दर तासाला एकच प्रश्न, "मॅडम, वाजला का?"

खिचडीची ताटं वाढून झाली आणि फोन वाजला. बाळू उठून उभा राहिला, पण फोन त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचा होता. तो पोरगा बोलून परत पंगतीत आला आणि आनंदात म्हणाला, "मह्या आईनी मला बूट घेतलेत." त्यात खिजवण्यासारखं काहीच नव्हतं. पण पुढच्याच क्षणी बाळूचं ताट उडालं, त्याची कड त्या मुलाच्या भुवईला लागली, रक्त आलं आणि सगळी पंगत किंचाळत उठली. बाळू मैदानात पळाला. दोन्ही हातांत दगड घेऊन उभा राहिला आणि जवळ येईल त्याच्यावर फेकू लागला.

आमचे सर मुलांना वर्गात घेऊन गेले. जखम वरवरची होती. धुऊन तिच्यावर पट्टी लावली. मी मैदानात गेले आणि बाळूपासून आठ-दहा पावलांवर खाली मातीत बसले. त्याच्याकडे तोंड करून नव्हे, जरा तिरकी. भेदरलेल्या मुलासमोर मोठं माणूस उभं राहिलं की त्याला ते अजूनच मोठं दिसतं, आणि डोळ्यांत डोळे घातले की त्याला तो दरारा वाटतो. "मी इथंच आहे," एवढंच म्हणाले. कशाला मारलंस, असं करतात का, हे काहीच विचारलं नाही. त्या क्षणी वरची बोटं उघडलेली असतात, प्रश्न ऐकायला आत कुणी नसतं. मी माझा स्वतःचा श्वास लांबवत राहिले. समोरच्या माणसाचं शरीर शांत असेल तरच मुलाचं शरीर शांत व्हायला धजतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. एक दगड माझ्या चपलेशी येऊन पडला.

वर्गाच्या दारातून त्याच्याच वर्गातल्या एका मुलीने दोन्ही हातांची बशी करून त्याला दाखवली. तिची कळकळ खरी होती. पण बाळू ओरडला, "नाय फुंकायचा मला!" त्याचं सगळं अंग थरथरत होतं. त्यालाही बरोबर कळलं होतं की हे फुंकरीने भागण्यातलं नाही. दंडात, मांड्यांत जो जोर उसळलेला असतो, तो आधी कुठेतरी खर्ची पडावा लागतो. मग श्वास.

मी उठून हापशाकडे गेले आणि दांडा मारू लागले. आमचा हापसा जुना आहे, त्याला बराच जोर लागतो. बाळूकडे न बघता म्हणाले, "खिचडी सांडलीय, धुवायला पाणी पाहिजे. मला एकटीला जड जातंय."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दगड पडल्याचा आवाज आला आणि तो दांड्याला येऊन लोंबकळला. उंची पुरत नव्हती, म्हणून दांडा वर गेला की तो उडी मारून धरायचा आणि अंगाच्या सगळ्या भाराने खाली आणायचा. दात आवळलेले, नाकातून शेंबूड, कपाळावर खिचडीचं एक शीत. बादली भरून वाहू लागली तरी थांबेना. मी दुसरी लावली. ते पाणी आम्ही लिंबाच्या रोपांना घातलं आणि परत तिसरी लावली. त्या बादलीच्या मध्यावर त्याचा जोर ओसरला. श्वास आपोआप लांब झाला होता, कुणी न सांगता. मी त्याला तोंड धुवायला सांगितलं. गार पाण्याचे हबके चेहऱ्यावर मारले की हृदयाची गती उतरते, हा शरीराचाच गुण आहे. त्याने तीन-चार हबके मारले आणि मग तो रडला. इतका वेळ रडलाच नव्हता.

हापशाच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो. "राग आलाय का?" त्याने मान हलवली, नाही. "वाईट वाटलं?" उत्तर नाही. "वाट बघून बघून कंटाळलास?" मग तो बोलला, खाली बघत. "तिनं म्हणलं व्हतं मंगळवारी करते. मला वाटलं इसरली मला."

2007 साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूचं चित्रण करून दाखवलं, की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याचं चित्र पाहताना माणसाने त्या भावनेला शब्द दिला तर मेंदूतल्या अमिग्डला या भागातली खळबळ कमी होते. ते प्रयोगशाळेतलं झालं. माझ्यासमोर ते बाळूच्या खांद्यांवर दिसलं. कानापर्यंत चढलेले खांदे ते वाक्य बोलल्यावर खाली आले.

तेव्हाच मी दुसरी बाजू सांगितली, आधी नाही. आईची वाट बघणं अगदी बरोबर आहे, ताट मारणं बरोबर नाही, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्याने मान डोलावली. "सॉरी म्हण" असं मी म्हणाले नाही. हुकमावरून म्हटलेल्या सॉरीने दोघांनाही काही मिळत नाही. त्याने तांब्याभर पाणी नेऊन त्या मुलासमोर ठेवलं. त्या मुलाने ते घेतलं नाही. तो संध्याकाळपर्यंत बाळूशी बोलला नाही, आणि मी त्यालाही बोलायला लावलं नाही. लागलं त्याला होतं.

सुट्टी संपल्यावर मी बाळूच्या आईबापांच्या मुकादमाला फोन लावला. कारखान्याची गाडी सकाळीच फडात लागली होती, सगळी टोळी गाडी भरत होती, आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीत, वीज नसल्याने बाळूच्या आईचा मोबाइल आदल्या रात्रीपासून बंद होता. ती विसरली नव्हती. संध्याकाळी तिने मुकादमाच्या फोनवरून फोन केला. "बाळ्या, जेवलास का रं?" बाळू बराच वेळ नुसता फोन कानाला लावून उभा. मग म्हणाला, "मी तीन बादल्या हापसल्या."

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. "मॅडम, द्यायच्या ना दोन ठिवून. लाडावलंय लई." तशी मागणी पालक नेहमी करतात, आणि ती वाईट मनाने करत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, पण आजींना मी कायदा सांगितला नाही. बाळू काय म्हणाला होता, तेवढंच सांगितलं. त्या ओसरीवर टेकल्या. बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बी याच्या बापाला असंच ठिवून जायची, मह्या सासूजवळ. आल्यावर आठ-आठ दिवस जवळ यायचा नाय. मला वाटायचं, पोरगं तुटलं."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. या डोंगरात ही वाट पाहणं पिढ्यांचं आहे, आणि दहा मिनिटांच्या बशीच्या खेळाने ते संपणार नाही. मुलं शांत बसली म्हणजे सगळं ठीक झालं, असं मी स्वतःला कधीच समजू देत नाही. उसाचे पैसे, उचलीचं ओझं, फडावरची वीज हे प्रश्न त्यांच्या जागी आहेतच. माझ्या हातात होतं ते मी केलं. गावातल्या मुकादमांशी बोलून प्रत्येक टोळीचा फोनचा वार ठरवला. गाडी लागली आणि फोन जमणार नसेल तर मुकादमाने सकाळीच मला निरोप द्यायचा. मुलाला परिपाठालाच सांगितलं जातं, "आज नाही, उद्या." नकार मुलं सोसतात. काही न कळता वाट बघणं त्यांना सोसत नाही.

बाळू अजूनही भडकतो. कधी आपणहून हापशाकडे जातो, कधी जात नाही आणि कुणाला तरी फटका बसतोच. एरवी बशीचा खेळ तो पहिलीच्या मुलांकडून करून घेतो, फार कडक शिस्तीत.

आता पाडव्याची तयारी चालली आहे. टोळ्या परतल्या की घराघरांत आनंद असतो, पण मुलांचं बिनसतं ते नेमकं तेव्हाच. गेल्या वर्षी पहिलीतली एक मुलगी आई दारात दिसताच आजीच्या मागे लपली आणि आई ओसरीवर बसून रडत राहिली. म्हणून यंदा टोळ्या आल्या की त्याच आठवड्यात आयांची सभा घ्यायची ठरवली आहे, मुकादमांकडून तारखाही विचारून ठेवल्यात. बाळूच्या आईला मी फोनवर आधीच सांगितलं, की तो रुसेल, कदाचित मारेलही, तर त्याला ओढून कुशीत घेऊ नका, जवळ बसून राहा. तिने विचारलं, "किती दिस रुसंल, मॅडम?" मी म्हटलं, ते आत्ता सांगता येणार नाही. पण आल्यावर निदान आठवडाभर तरी मजुरीला जाऊ नका.