भाचा सुटला, पण कागद काही सुटेनात (माझा अनुभव)

2022 ची गोष्ट. भाचा 19 चा होता, दोन मित्रांसोबत एक स्प्लेंडर उचलली आणि आत गेला, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 379, म्हणजे चोरी. जामीन तर तीन आठवड्यांत झाला होता, 15 हजारांचा, पण जामीनदार आणायचा कुठून? ताई भाड्याच्या खोलीत, मी भाड्याच्या खोलीत, घरपट्टीची पावती कुणाच्याच नावावर नाही, आणि नातेवाईकांना फोन लावला की प्रत्येक जण नेमका गावाला गेलेला. त्यात पोरगं चार महिने येरवड्यात राहिलं. शेवटी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमनी (फुकट मिळतात, कोठडीत असलेल्या कुणालाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, तोवर दुसऱ्या वकिलाला आठ हजार देऊन झालेले) रोख जामिनाचा (जामीनदाराऐवजी पैसे भरून सुटायचा) अर्ज टाकला आणि तो बाहेर आला.

पहिल्या रात्री मी लाईट घालवला तर उठून बसला. "मामा, राहू दे ना चालू." बराकीत रात्रभर दिवे असतात म्हणे. सकाळी साडेपाचला बघतो तर चादरीची घडी घालून भिंतीपाशी उकिडवा बसलाय, तुरुंगात गिनतीला, म्हणजे कैद्यांच्या मोजणीला, बसतात तसा. ताई ओट्याकडे तोंड करून रडली, मी पेपर उघडून बसलो.

मग केस. त्याने गुन्हा कबूल केला. मॅडम म्हणाल्या, वय 21 च्या आत आहे, पहिलाच गुन्हा आहे, 1958 चा परिविक्षा कायदा आहे ना (परिविक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं), त्याचं कलम 6 बघा, अशा पोराला तुरुंगात धाडायचं तर कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवावा लागतो आणि कारणंही लिहावी लागतात. अधिकारी घरी आले, चहा घेतला, शेजारच्या काकूंना विचारलं, पोरगा कसा आहे. काकू एरवी आमच्याशी नळावरून भांडतात पण त्या दिवशी चांगलं बोलल्या. एक वर्षाचा चांगल्या वर्तणुकीचा बॉन्ड झाला आणि महिन्याला त्या अधिकाऱ्यांना भेटायला जायचं ठरलं.

मला वाटलं संपलं. कसलं काय. मोबाईल जप्त, सिम बंद पडलेलं, आधारला तोच नंबर, त्यामुळे बँकेचा ओटीपी येईना, खातं चालेना आणि खात्याशिवाय पगार कोण देणार. आधार केंद्रात तीन चकरा मारल्या तेव्हा नंबर बदलला.

आता माझी चूक सांगतो. एका कंपनीत ठेकेदाराकडून काम मिळत होतं, फॉर्मवर रकाना होता, कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का. मीच म्हणालो लिही "नाही", कोण बघतंय. बाविसाव्या दिवशी पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघालं आणि त्याला गेटवरूनच परत पाठवलं, बाविस दिवसांचे पैसे मिळवायला पुढे दोन महिने फेऱ्या मारल्या. मॅडमनी मलाच झापलं. त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे परिविक्षेवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण म्हणून गुन्हा पुसला जात नाही, खाजगी मालक नाही म्हणू शकतोच, आणि खोटं लिहिलंत की कलम 12 सांगायला तोंडच उरत नाही.

म्हणून निकालाची सर्टिफाईड कॉपी काढली (नक्कल विभागात अर्ज द्यायचा, दहा-बारा दिवस गेले). आणि मी शहाणा, ती लॅमिनेट करून आणली! पुढे एका ठिकाणी शिक्का हाताला लागत नाही म्हणून घेतलीच नाही, परत नवीन काढली. तेव्हा तुम्ही साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्येच ठेवा.

ती घेऊन भोसरीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, आधीच सगळं सांगितलं. त्याने दोन्ही पानं वाचली, कुणी वाचणारा हा पहिलाच माणूस, आणि पोराला विचारलं, "लॉक तोडलंस की वायर जोडलीस?" पोरगं खाली मान घालून म्हणालं, "वायर." "बरं, उद्या आठला ये. ग्राइंडर हातात देणार नाही आधी, झाडायचं." सहा महिने झाडलं, मग टॅकिंग (तुकडे जागेवर धरायला छोटे टाके मारणं) शिकला, आता वेल्डिंग करतो.

बॉन्डचं वर्ष संपलं. जप्त केलेला मोबाईल मात्र अजून मुद्देमालातच आहे, परत मिळावा म्हणून अर्ज दिलाय. तो म्हणतो राहू दे मामा, डिस्प्ले तसाही फुटलेला होता.