नाव रस्त्याचे, अर्थ भलताच

नकाशे वाचत बसण्याची मला जुनी खोड आहे. प्रवासाचा काही बेत नसला तरी एखाद्या अनोळखी शहराच्या गल्ल्याबोळांची नावे मी वाचत राहतो, आणि तेव्हा वारंवार जाणवते की रस्त्याला नाव देणारा माणूस एका काळातला असतो आणि त्या नावावरून पत्ता शोधणारा दुसऱ्याच काळातला.

इंग्लंडमधील यॉर्क शहरात या गोंधळाने कळस गाठला आहे. ८६६ साली व्हायकिंगांनी ते शहर घेतले. पुढे त्यांची सत्ता गेली, परंतु रस्त्याला ते वापरत असलेला ‘गाता’ हा शब्द तेथेच राहिला आणि कालांतराने त्याचे ‘गेट’ झाले. त्यामुळे मिकलगेट हा दरवाजा नसून ‘मोठा रस्ता’ आहे, आणि त्याच्या टोकाशी तटबंदीत जो खराखुरा दरवाजा आहे, त्याला मात्र ‘मिकलगेट बार’ म्हणतात. (तहान भागवण्याच्या आशेने तेथे जाणाऱ्याची गाठ दगडी कमानीशी पडते.) कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही, पेले घडवणाऱ्या कारागिरांवरून ते नाव पडले. व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट हा रस्ता तर इतका आखूड आहे की नाव उच्चारून होईपर्यंत तो संपत आला असावा. तेथे चाबकाचे फटके मारले जात, अशी कथा सांगितली जाते. परंतु १५०५ मधील त्याच्या नावाचा अर्थ ‘हा कसला रस्ता!’ असा लावला जातो, आणि मला तोच अधिक पटतो, कारण त्यात नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ही दोन्ही कामे एकदमच उरकलेली आहेत.

लंडनच्या चीपसाइडला स्वस्ताई शोधणेही असेच व्यर्थ आहे, कारण त्या शब्दाचा जुना अर्थ बाजार असा होता. पॅरिसमधील ‘मासे पकडणाऱ्या मांजराची गल्ली’ हे नाव एका दुकानाच्या पाटीवरून आले; दुकान गेले, मांजर राहिले.

याउलट अटलांटा शहरातील नावे समजायला सोपी आहेत, पण ती उपयोगाची नाहीत. तेथे सत्तरहून अधिक रस्त्यांच्या नावांत ‘पीचट्री’ हा शब्द आहे, त्यामुळे केवळ ‘पीचट्रीवर भेटू’ असे ठरवणाऱ्या दोघांची भेट होणे दैवावरच अवलंबून राहील. न्यूयॉर्कमध्ये ज्या क्रमांकांनी हा घोळ मिटायला हवा, तेच ग्रीनिच व्हिलेजमध्ये हात टेकतात: तेथे चौथा रस्ता चक्क दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या रस्त्याला छेदतो. त्याच भागात वेव्हर्ली प्लेस नावाचा रस्ता वेव्हर्ली प्लेसलाच येऊन मिळतो, म्हणजे त्या कोपऱ्यावर उभे राहून पत्ता सांगताना एकच नाव दोनदा घ्यावे लागते.

टोरांटोमध्ये मात्र नाव ठेवणाऱ्यांनी डोक्याला फारसा ताणच दिलेला दिसत नाही. तेथील एका मोठ्या रस्त्याचे नाव ‘अ‍ॅव्हेन्यू रोड’ आहे.