हिडकलच्या पाण्यावर जाण्यापूर्वी

मलप्रभेच्या नविलुतीर्थ जलाशयावर मी अनेक वर्षे गळ टाकत आलो आहे. मात्र बेळगाव जिल्ह्यातल्याच घटप्रभा नदीवरील हिडकल धरणाचे पाणी मला अगदीच अनोळखी असल्याने दिवाळीनंतरच्या सहलीची तयारी मी आतापासूनच आरंभली आहे. अमेरिकेत स्मॉलमाउथ बास पकडणारा माझा भाचा आधी खडकाळ तळ शोधतो, कारण तो मासा दगडांच्या आडोशाला राहतो. आपल्याकडे कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरत असल्यामुळे केवळ खडक हेरून भागत नाही. म्हणून मे महिन्यात पाणी उतरलेले असतानाची उपग्रहचित्रे पाहून जुने ओढे, बांध आणि पाण्याखाली जाणाऱ्या वाटा मी वहीत टिपून ठेवल्या आहेत. धरण भरल्यावर ५१ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) त्या पसाऱ्यात काठावरून काहीच उमगत नाही. आमिष साधेच असेल: शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक आणि थोडी गांडुळे. जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जात असल्याने स्थानिक मच्छीमारांची परवानगी आधी घ्यावी लागेल, आणि माझे कानडी ‘मीनु’ (मासा) व ‘नीरु’ (पाणी) यांपुढे फारसे जात नसल्यामुळे हुक्केरीच्या मित्राला सोबत नेणार आहे.