मावशींच्या फॅटच्या पावत्या

मावशींची फाइल मागच्या आठवड्यात बंद केली. ‘सुधारणा’च्या रकान्यात ८० टक्के लिहिलं. हे ८० कुठून आले, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत फिजिओथेरपी करते. मावशी करवीर तालुक्यातल्या, वय ५८. गोठ्यात शेणावरून पाय सरकला, उजव्या हातावर पडल्या, मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा हात लाकडासारखा झालेला. सर्जननी एक्स-रे बघून ‘छान जुळलंय’ म्हटलं आणि माझ्याकडे पाठवलं. हाड जुळलं की त्यांच्या लेखी केस संपते. असो.

मोजमापाच्या बाबतीत मी काटेकोर आहे. पकडीची ताकद मोजताना कोपर अंगाशी आणि काटकोनात, डायनामोमीटरचं हँडल दुसऱ्या खाचेत, तीनदा दाबायचं, मधे विश्रांती, मग तिन्हींची सरासरी. पुष्कळ ठिकाणी ‘जोर लावा, शाब्बास’ करून त्यातला मोठा आकडा तेवढा लिहितात. पेशंट खूश, मालक खूश. मी तसं करत नाही. म्हणून मावशींची पकड ५ किलोवरून १४ वर गेली आणि मनगट मागे वळायला लागलं, १५ अंशांवरून ५०, तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना आलेख काढून दाखवला.

त्यांनी तो लांब धरून बघितला. “हे तुमच्या मशीनचं झालं. माझा हात हाय तितंच हाय.”

खरं सांगते, राग आला.

पुढच्या खेपेला त्यांनी बटव्यातून दूध संस्थेच्या पावत्या काढल्या, घड्या घालून मऊ पडलेल्या. “ह्यो बगा फॅट.” पडायच्या आधी सात टक्के. मुलगा धार काढत होता तेव्हा साडेसहाच्या आसपास. मावशी परत म्हशीखाली बसल्या तेव्हापासून ६.२, ६.१. हाताचा आणि फॅटचा काय संबंध, मला कळेना. लहानपणी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दुधाचे पेले संपवलेली मी, पण नजर कायम फेसावर. धार काढणाऱ्याच्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी गोठ्यावर गेले. मावशींनी कास धुतली, म्हशीपुढं आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, ठेवलं, म्हशीनं पान्हा सोडला. आधी अंगठा आणि तर्जनीनं सड वर आवळायचा, म्हणजे दूध परत कासेत चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी, अशी वरून खाली क्रमानं मूठ मिटायची. मग सोडायची. हे शेकडो वेळा, आणि पान्हा पाच-सात मिनिटांतच ओसरतो, त्याच्या आत. तिसऱ्या मिनिटाला त्यांची करंगळी मागे राहायला लागली. थोड्या वेळानं त्या अंगठा दुमडून ओढू लागल्या. त्यानं सड दुखावतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मग थांबल्या. कासेत दूध होतंच, आणि सगळ्यात जास्त फॅट असतं ते शेवटच्या धारांतच.

माझं यंत्र मोजत होतं एका वेळी एकच, तीन सेकंदांची मूठ.

१९९५ साली कॅनडातल्या फिजिओथेरपिस्टांनी एक साधा तक्ता केला. पेशंटनंच सांगायचं, मला काय जमत नाही, आणि त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. आमच्या प्रत्येक फाइलला तो टाचलेला असतो. मावशींच्या तक्त्यात मी पहिल्याच दिवशी, न विचारता, ‘भाकरी थापणे’ लिहून मोकळी झाले होते.

त्यानंतर व्यायाम बदलला. रबरी हातमोज्यात पाणी भरून, बोटांना सुईनं भोकं पाडून तो भिंतीच्या कडीला टांगला, आणि घड्याळ लावून सात मिनिटं पिळायला लावलं. शेजारच्या टेबलावरचा गुडघ्याचा पेशंट हसत होता. आमच्या मालकांनी एकच विचारलं, ‘फरशी कोण पुसणार?’

महिन्याभरात फॅट ६.८ झालं. मी उड्या मारायच्या बेतात, तर मावशींचा मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हस आटत आलीया. दूध कमी पडलं की फॅट वाढतंयच की.” बरोबरच होतं त्याचं. लिटर मोजावेत, तर हात सुधारला तरी ते घटणारच. सकाळ-संध्याकाळची तुलना करावी, तर दोन्ही वेळचं फॅट मुळातच वेगळं. पेंडही मधेच बदललेली.

शेवटी असं ठरवलं, की मावशी उठल्या की मुलानं त्याच कासेतलं उरलेलं पेल्यात काढायचं. पहिल्या दिवशी पाऊण पेला निघाला. तीन आठवड्यांनी मी परत गेले तेव्हा त्यानं बराच वेळ पिळून पेल्याचा तळ जेमतेम झाकला.

मी तो पेला मावशींपुढे धरला. हा आकडा कुठल्याच रकान्यात बसणारा नव्हता.

“ते मांजराला घाला,” किटलीला झाकण लावत त्या म्हणाल्या, “आणि चला संस्थेत. आज फॅट किती लावतोय त्यो, ते बगू.”