कापरेकर, डोंबिवली आणि आमच्या बाई

डिसेंबरात रामानुजन यांची जयंती आली की शाळेच्या दर्शनी फळ्यावर त्यांचं चित्र लागायचं. शेजारी १७२९ हा आकडा आणि ती टॅक्सीची गोष्ट : हार्डी म्हणाले, माझ्या टॅक्सीचा नंबर अगदीच साधा; रामानुजन म्हणाले, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या. आम्ही येता-जाता बघायचो, नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवायचो आणि वर्गात जाऊन पुन्हा अपूर्णांकांना घाबरायचो. अफाट बुद्धीचं दर्शन घडलं की पोरांना गणिताची गोडी लागते, असं मोठ्यांना का वाटतं कोण जाणे. आम्हाला तर वाटायचं, हे असल्या माणसांचं काम. आपण आपलं पासापुरतं बघावं.

आठवीला बाई आल्या. (नाव छापायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं 'बाई'.) त्या डोंबिवलीहून यायच्या आणि पावसाळ्यात लोकलच्या कृपेने पहिल्या तासाला हमखास उशिरा पोचायच्या. अशाच एका दिवशी गाडी मुंब्र्याच्या पुढे बराच वेळ खोळंबली होती. ओली छत्री कोपऱ्यात टेकवता टेकवता त्यांनी विचारलं, "ठाण्याला पहिली गाडी कधी आली रे?" ठाण्याच्या पोरांना हे पाठ असतंच : १६ एप्रिल १८५३.

बाईंनी फळ्यावर १८५३ लिहिलं. हेच आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि वजा करा. ८५३१ वजा १३५८, आले ७१७३. पुन्हा तेच करा. ७७३१ वजा १३७७, म्हणजे ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. "आता याचंही करा." ७६४१ वजा १४६७ : परत ६१७४! गाडी तिथेच अडकली.

"आता आपापला आकडा घ्या. चारही अंक सारखे नकोत, बाकी काहीही चालेल." कुणी वडिलांच्या स्कूटरचा नंबर घेतला, कुणी टेलिफोनचे शेवटचे चार अंक. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आरोळी आली, "बाई, ६१७४!" मग खिडकीकडून, मग मुलींच्या रांगेतून. ज्यांचं येईना त्यांना बाई एवढंच म्हणाल्या, "जास्तीत जास्त सात पायऱ्या. त्यात आलं नाही तर कुठेतरी हातचा विसरलायस, शोध." एरवी दहा वजाबाक्यांचा गृहपाठ दिला की तोंडं वाकडी करणारा तो वर्ग मधल्या सुट्टीतही वजाबाक्या करत बसला होता.

हे कुणी शोधलं, असं विचारल्यावर आम्ही एखाद्या परदेशी नावाची वाट बघत होतो. बाई म्हणाल्या, "दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात." वर्गात एकदम खुसपूस झाली. ठाण्यात?

मग बाईंनी कापरेकरांची अख्खी कुंडलीच मांडली. जन्म १९०५. पुढे फर्ग्युसन कॉलेज, १९२९ साली बी. एस्सी. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. आकड्यांचे हे खेळ त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांनी पोरकट म्हणून बाजूला सारले. या माणसाने ते सोडले नाहीत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुटुंबाला त्यांनी नाव दिलं 'डेमलो', कारण ती कल्पना त्यांना डेमलो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनवर सुचली होती. इथे बाईंची कळी खुलली. "आम्ही त्याच फलाटावर उभं राहून रेल्वेला शिव्या घालतो, आणि हा माणूस तिथे आकडे लावत होता!"

माझा हजेरी क्रमांक ४५. त्याचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. अशा संख्यांनाही कापरेकरांचंच नाव आहे, हे कळल्यापासून हजेरीला मी जरा जास्तच ठसक्यात 'हजर' म्हणायला लागले.

मुलींसाठी बाईंच्या पोतडीत आणखी एक नाव होतं, मंगला नारळीकर. संसार सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात पीएच.डी. केली आणि मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिलं. बाई त्याचा फार गाजावाजा करत नसत. पण गणित मुलांचं आणि चित्रकला मुलींची, असं आमच्या वर्गात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

बाईंनी 'का?' हा प्रश्न मात्र बरेच दिवस लोंबकळत ठेवला. शेवटी निम्मंच उत्तर फोडलं. दोन्ही संख्यांतले अंक तेच, त्यामुळे ९ ने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखीच. म्हणून वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत येते. ६१७४ चे अंक मिळवून बघा, १८. उरलेलं निम्मं म्हणजे नेमकं ६१७४ च का, ते तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या.

मी पुढे बँकेत चिकटले, गणिताशी संबंध व्याजापुरता. पण अलीकडे सहावीतल्या भाचीला घेऊन घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तिचं गणिताशी वाकडं. वेळ काढायला म्हणून पुढच्या रिक्षाच्या पाटीवरचे चार आकडे दाखवून मी तिला हा खेळ शिकवला आणि कापरेकरांबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "ते मावळी मंडळात खेळायला जायचे का?" मावळी मंडळ म्हणजे आमचं ठाण्यातलं खेळाचं मंडळ; ठाण्यातला माणूस म्हटल्यावर बाकी काय विचारणार! दुसरा प्रश्न मात्र मला आठवीत सुचला नव्हता : तीन आकडी घेतले तर? ते तिने स्वतःच करून पाहिलं. कुठूनही निघालं तरी ४९५.

त्यानंतर पाच आकडी सुरू झाले. परवा रात्री तिचा फोन आला, "मावशी, हे थांबतच नाहीये. ६१९७४ वरून ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४, आणि परत ६१९७४. माझा हातचा चुकतोय का?"

चुकत नव्हता. पाच आकड्यांना एक मुक्काम नाहीच, ते असे गोल फिरतात. ते का, हे तिला बाईंकडूनच ऐकायचंय. येत्या रविवारी आम्ही दोघी डोंबिवलीला जातोय.