रुकी क्यूबीची वही: पहिले सहा आठवडे झाले, सॅकचा कॉलम मात्र पूर्ण बदलावा लागला

तर मंडळी, NFL म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या २०२४ सीझनचे पहिले सहा आठवडे परत बघून संपले एकदाचे. दोघेही रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचे, क्यूबी (पास टाकणारे क्वार्टरबॅक): शिकागो बेअर्सचा केलेब विल्यम्स म्हणजे ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात त्यातला) पहिला पिक, आणि वॉशिंग्टन कमांडर्सचा जेडन डॅनियल्स म्हणजे दुसरा, या दोघांच्या सहा-सहा मॅच परत लावून प्रत्येक ड्रॉपबॅक (पास टाकायला क्यूबी मागे सरकतो तो) वहीत उतरवला. लाइव्ह बघताना हे जमत नाही, रविवारची मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते, सोमवारची मंगळवारी पहाटे पावणेसहाला, झोप आणि उत्साह दोन्ही डोळ्यांवर असतात आणि नजर नुसती बॉलच्या मागे पळते. परत बघताना बॉल सोडून द्यायचा, क्यूबीचे पाय बघायचे, हे शिकायला मला दोन आठवडे गेले.

आधी एक सांगते, पहिल्या मॅचचा निकाल मी आता वहीत लिहितच नाही. विल्यम्सची पहिली मॅच टायटन्सविरुद्ध, बेअर्स ०-१७ वरून २४-१७ जिंकले आणि पहिल्या पिकच्या क्यूबीने पहिल्याच आठवड्यात स्टार्ट करून जिंकणं हे २००२ च्या डेव्हिड कारनंतर पहिल्यांदाच झालं असं सगळीकडे आलं. पण त्याचे आकडे बघा: २९ पैकी १४ पास, ९३ यार्ड, टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण) शून्य. बेअर्सचे दोन टचडाऊन आले त्यातला एक ब्लॉक केलेल्या पंटवर (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देतात तो) आणि एक डिफेन्सने पळवलेल्या इंटरसेप्शनवर (समोरच्या क्यूबीचा पास मधेच पकडून). त्याच दिवशी डॅनियल्स टॅम्पात २०-३७ हरला, पण २४ पैकी १७ पास पूर्ण आणि स्वतः पळत दोन टचडाऊन. आणि डेव्हिड कारचं पुढे काय झालं, तर पहिली मॅच जिंकून त्याच सीझनमध्ये ७६ सॅक (पास टाकण्याआधीच क्यूबीला पाडलं की सॅक), जो आजही रेकॉर्ड आहे. तेव्हा एका मॅचच्या निकालावरून पोरगं पास की नापास ठरवायचं नाही, एवढं तरी आपण सगळ्यांनी पाळूया.

आता सॅककडे येते, कारण खरी गडबड तिथे होती. दुसऱ्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये विल्यम्सला सात सॅक झाले, १९-१३ ने हरले, आणि मी सातही ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्यूबीला वाचवायला पुढे उभे असतात त्यांच्या) खात्यात टाकले होते. माझा मामेभाऊ जर्सीला असतो, त्याच्यामुळेच मला हा खेळ लागला, तो पण म्हणाला, "अगं लाइनच भिकार आहे, पोरगं काय करणार?" मला पटलं होतं ते. मग परत बघताना मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसले, स्नॅप (बॉल मागे क्यूबीकडे देऊन प्ले सुरू) झाल्यापासून अडीच सेकंदांच्या आत कोणी अंगावर आलं तर लाइनची चूक, अडीचच्या पुढे बॉल हातातच असेल आणि शॉर्टचा माणूस (जवळचा, पास पकडणारा रिसीव्हर) मोकळा असेल तर क्यूबीची. कच्चा नियम आहे, मान्य, कारण रूट (रिसीव्हरने पळायच्या ठरलेल्या वाटा) लांबचे असतील तर वेळ लागतोच आणि रिसीव्हरने चुकीचा रूट पळाला तर ते आपल्याला घरबसल्या कळत नाही. पण एवढ्यानेही चित्र बदललं. काही सॅक खरंच लाइनचे होते, टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) हरला आणि संपलं, पण काही वेळा पॉकेट (लाइनने क्यूबीभोवती राखलेली जागा) धड होता, चेकडाऊन (जवळचा सोपा पास) समोर मोकळा होता आणि केलेब मागे मागे सरकत अजून काहीतरी मोठं मिळेल म्हणून थांबला होता. कॉलेजमध्ये त्याचं हेच चालायचं, तिथे तो पळून सुटायचा, इथे डिफेन्सिव्ह एंड (कडेने क्यूबीवर धावून येणारे) त्याला सुटू देत नाहीत.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. सीझनभरात त्याचे ६८ सॅक झाले आणि इंटरसेप्शन फक्त ६, मधे तर सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन नाही, रुकीचा रेकॉर्ड. लोक एक आकडा घेऊन त्याला झोडपतात आणि दुसरा घेऊन डोक्यावर घेतात. माझ्या मते दोन्ही एकाच सवयीतून येतात: शंका असली की तो बॉल सोडत नाही. हे वाईटच असं मी म्हणणार नाही. पुढे मोठा क्यूबी झालेल्या पेटन मॅनिंगने त्याच्या रुकी वर्षात, १९९८ ला, उलटं केलं होतं, शंका असली तरी टाकायचा, २८ इंटरसेप्शन, टीम ३-१३ (तीन जिंकल्या, तेरा हरल्या), आणि पुढच्याच वर्षी १३-३. म्हणून आता माझ्या वहीत सॅक आणि इंटरसेप्शन शेजारी शेजारी आहेत, वेगळे बघितले की फसायला होतं.

डॅनियल्सचं पान सोपं गेलं. तिसऱ्या आठवड्यात सिनसिनाटीत २३ पैकी २१ पास, ३८-३३ ने जिंकले, दोन्ही टीमनी मिळून एकही पंट नाही. शेवटी थर्ड अँड सेव्हनला (तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी) ब्लिट्झ (क्यूबीवर जादा माणसं सोडणं) थेट अंगावर येत असताना त्याने टेरी मॅकलॉरिनला २७ यार्डांचा टचडाऊन टाकला, तो पास मी दहाबारा वेळा बघितला असेल. मार बसणार हे दिसतंय आणि तरी डोळे वर, पाय जागेवर. तरी सीझनला सॅक त्यालाही ४७ झालेच, म्हणजे तोही काही सगळेच बॉल पटकन सोडत नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनी लक्षात घ्या.

विल्यम्सवर पण अन्याय नको. पाचव्या आठवड्यात पँथर्सविरुद्ध ३०४ यार्ड आणि सहाव्यात लंडनला जॅग्वार्सविरुद्ध चार टचडाऊन, तिथे पाय शांत होते आणि बॉल वेळेवर सुटत होता. तेव्हा जमत नाही असं नाही, रोज जमत नाही.

पुढचं काम आठवा आठवडा, दोघे समोरासमोर, तोच १८-१५ वाला. अडचण एकच आहे, शेवटच्या हेल मेरीला (वेळ संपताना नशिबावर टाकलेला लांब पास) डॅनियल्सने बॉल १२ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवला आणि मग ५२ यार्डांचा टचडाऊन झाला, बॉल टिप होऊन (हातांना लागून उडून) त्याचा रिसीव्हर नोआ ब्राऊनच्या हातात. तो वेळ धरला तर अख्ख्या मॅचची सरासरी बिघडते आणि माझ्या नियमाने तर बॉल फार वेळ धरला म्हणून त्याच्यावर खूण पडते. म्हणून तो एक प्ले सरासरीतून काढून मागच्या कोऱ्या पानावर वेगळा लिहितेय. कोणी वेगळ्या पद्धतीने धरत असेल तर नक्की सांगा, शनिवारी ती मॅच लावणार आहे.